माळशेजचा जाणकार

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर ऐकताना ठसका लागेल आणि दोष माझ्यावर येईल.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कोपरच्या सायकल ग्रुपने कल्याण ते माळशेज राइड काढलेली. अंध मुलींच्या वसतिगृहासाठी मदत गोळा करायची होती. फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'माळशेज घाट आधी चढला आहात का?' मी लिहिलं, 'सात-आठ वेळा.'

खोटं नाही हो. माझी सासुरवाडी जुन्नरची. दर वेळी एसटीने चढलेलो, तेही आतल्या सीटवर, कारण मला दरी बघवत नाही.

दोन दिवस आधी ग्रुप सांभाळणाऱ्या हर्षदचा फोन. "काका, घाटातले एक्सपर्ट तुम्हीच निघालात. वैशालीताईंना तुमच्यासोबत देतोय. दोन सीटची सायकल आहे. पुढे तुम्ही, मागे त्या."

वैशालीताई ठाण्याला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दिसत नाही. म्हणजे हँडल माझ्याकडे, ब्रेक माझ्याकडे आणि त्यांचा जीवही माझ्याकडे. इथे खरं बोलायला हवं होतं ना? मी म्हटलं, "चालेल की."

मग जो तो मला सल्ले विचारायला लागला. कुठला गिअर, पाणी किती? मीही देत सुटलो. रात्री झोप मात्र लागेना.

मुरबाड आणि त्यापुढेही बराच रस्ता सपाट, छान गेलं. मग घाट लागला. "ताई, घाबरू नका हं," मी म्हटलं.

"मी नाही घाबरले. तुमचे पाय फिरतायत, पण जोर फक्त माझा लागतोय."

पुढच्या वळणावर दरी डावीकडे आली आणि समोरून ट्रक. मी डोळे मिटून घेतले. किती वेळ, देव जाणे.

मागून शांत आवाज आला, "काका, डावीकडून वारा वर येतोय. दरी आहे ना तिकडे?"

"हो."

"मग आपण तिकडे का चाललोय?"

डोळे उघडले तर कठडा वीतभर लांब. करकचून ब्रेक दाबला. दोघांनी पाय टेकले.

"डोळे मिटलेले?"

"घाम गेला डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

मग सगळं सांगून टाकलं, एसटीसकट. वाटलं, आता ताई हर्षदला फोन करणार, आणि करावाच. त्यांनी फोन काढलाच नाही.

"गेल्या वर्षी पुढे बसायला कोणी मिळालं नाही, म्हणून मी खालूनच परत गेले. आज मला वर जायचंय. तुम्ही दरीकडे बघू नका. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेकडे बघा आणि ती दिसतेय, असं मोठ्याने सांगत राहा. म्हणजे मला कळेल."

निघालो. मी आपला ओरडतोय, "रेष आहे, रेष आहे." आम्हाला गाठणाऱ्या दोघांना वाटलं, ही एक्सपर्टची काहीतरी टेक्निक. तेही सुरू झाले, "रेष आहे, रेष आहे." अख्खा घाट दुमदुमला.

वर पोहोचलो तेव्हा हर्षद धावत आला. "काका, मानलं तुम्हाला. ताईंना सुखरूप आणलंत. ताई, पुढच्या वर्षीही काकाच ना?"

वैशालीताईंनी सावकाश तोंड पुसलं. "काका स्वभावाने फार चांगले आहेत रे," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी मला एखादा डोळस माणूस दे."