काकांच्या चित्रांचं प्रदर्शन

नाशकात चित्रं काढणाऱ्या माणसाला गोदाघाट चुकत नाही. कॉलेजात असताना रविवारी सकाळी आम्ही बोर्ड आणि पाण्याची बाटली घेऊन रामकुंडाकडे जायचो. पायऱ्यांवर बसून देवळांचे कळस, फुलवाल्यांच्या छत्र्या, धुणं धुणाऱ्या बायका, सगळं जलरंगात उतरवायचो. पुढे मी एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले, तरी बरीच वर्षं माझ्या हातून घाटच निघत राहिला. शहरातल्या समूह प्रदर्शनांत मी तोच लावत असे. ही प्रदर्शनं भाड्याच्या हॉलमध्ये भरत. पहिल्या संध्याकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, समोसे. सगळ्यांचे नातेवाईक येऊन जात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चित्रकार खुर्च्या टाकून एकमेकांकडे बघत बसायचो. मला त्याचं फार वाईट वाटायचं असं नाही. हे असंच असतं, असं मी धरून चालले होते.

मग एका डॉक्टरांनी आम्हाला जुन्या नाशकातली त्यांची एक जागा वापरायला दिली. खाली त्यांच्या वडिलांचा छापखाना होता, तो बंद पडला होता आणि यंत्रंही गेली होती. वरचा लांबट हॉल रिकामा होता. "जाताना कुलूप तेवढं नीट लावत जा," एवढीच त्यांची अट. आम्ही मोजकीच माणसं होतो. माझ्यासारख्या शिकवणाऱ्या दोघीतिघी, एक आर्किटेक्ट, एक फोटोग्राफर आणि माझा एक जुना वर्गमित्र, जो शिल्पकार आहे आणि आर्ट कॉलेजात शिकवतो. भिंतींना पांढरा रंग आम्हीच दिला. फरशीवरचे शाईचे डाग घासूनही निघाले नाहीत, ते तसेच ठेवले. भाषणं नकोत, पाहुणे नकोत, चित्रं निवडून लावायची, ओळखीवर नाही, असं ठरलं. ह्या शेवटच्या नियमापायी आम्ही काही लोकांशी वाईटपणा घेतला. त्यातला एक जण अजूनही रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जातो.

पगार कुणालाच नव्हता. आठवड्यातला एकेक दिवस प्रत्येकाने जागा उघडून बसायचं, असं होतं. पहिली भांडणं त्यावरूनच झाली. कुणाच्या परीक्षा, कुणाच्या घरी पाहुणे, कुणाचं मूल आजारी. लोक जिना चढून यायचे आणि कुलूप बघून परत जायचे. ह्याच काळात काका आले; पुढे आम्ही सगळेच त्यांना काका म्हणायला लागलो.

ते ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते. प्रदर्शन बघायला म्हणून आले. त्या दिवशी मी बसले होते. त्यांनी सगळी चित्रं सावकाश पाहिली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, एक विचारू का? ते कोपऱ्यातलं चित्र दाराशी आणलं तर चालेल का?"

"का हो?"

"तिथे ते दबलंय. शेजारचं लाल आहे ना."

मी म्हटलं, आणून बघा. त्यांनी चित्र हलवलं. खरंच, दोन्ही चित्रं मोकळी झाली. पुढच्या आठवड्यात ते परत आले, त्याच्या पुढच्याही. हळूहळू किल्ली त्यांच्याकडे गेली. ओझरहून बसने यायचे, डबा आणायचे, दुपारी खिडकीपाशी बसून तो खायचे. कुणाचाही दिवस असो, काका असायचेच.

चित्रं मांडण्यात त्यांचा जीव रमत असे. नवीन प्रदर्शन लागायचं असलं की ते सगळी चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवत आणि हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत. मधेच एखादं उचलून दुसरीकडे ठेवत, पुन्हा फेऱ्या. एकदा एका मुलीची लहान छापचित्रं आली होती, पोस्टकार्डाएवढी. काकांनी ती सगळ्यांत लांब भिंतीवर लावली. भिंत रिकामी दिसेल, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. "दिसू द्या," म्हणाले. लोक त्या भिंतीशी जाऊन नाक लावून उभे राहायचे. माझी चित्रं लावताना त्यांनी घाटाची दोन बाजूला काढली आणि एका शाळेच्या व्हरांड्याचं, जे मी सहज म्हणून नेलं होतं, ते मधोमध लावलं. मी त्यानंतर घाट जवळजवळ सोडला.

काका स्वतःही चित्रं काढतात हे आम्हाला कळलं ते त्यांच्या नखांवरून. नखाच्या कडेला कधी निळा, कधी हिरवा तैलरंग असायचा. विचारलं तर म्हणत, "घरी काढतो थोडं. त्यात बघण्यासारखं काही नाही." हे आम्ही विनयात घेतलं. ज्याची नजर अशी आहे त्याचा हात कसा असेल, असं आमच्यात बोलणं व्हायचं. शेवटी एका बैठकीत मीच म्हटलं की दिवाळीनंतरचं प्रदर्शन काकांचं. सगळ्यांनी टेबल वाजवलं. काका नको नको म्हणत राहिले. आम्ही त्यांचा पिच्छा सोडला नाही. काही दिवसांनी ते म्हणाले, "बरं. करा."

चित्रं बघायला शिल्पकार आणि मी त्याच्या गाडीतून ओझरला गेलो. काकांचं घर दोन खोल्यांचं, अंगणात पेरूचं झाड. काकूंनी पोहे केले होते. पोहे झाल्यावर काकांनी पलंगाखालून आणि कपाटावरून चित्रं काढायला सुरुवात केली. प्रत्येक चित्र जुन्या साडीत गुंडाळलेलं. ते एकेक सोडवत होते आणि आम्ही बघत होतो.

सगळी चित्रं सप्तशृंगी गडाची होती. काकांचं गाव वणीजवळ. गावातून गड जसा दिसतो तसाच, त्याच बाजूने, पुन्हा पुन्हा काढलेला. सकाळचा, संध्याकाळचा, ढगातला, पुढे मका असलेला, पुढे द्राक्षबाग असलेला. कड्याची प्रत्येक चीर जागच्या जागी होती. रंग स्वच्छ होते. आणि एकाही चित्रापाशी थांबावंसं वाटत नव्हतं. दुकानदार दिवाळीला कॅलेंडर देतो, त्यावर अशी चित्रं असतात. मी प्रत्येक चित्राला मान हलवत होते आणि पुढचं वेगळं निघेल अशी वाट बघत होते. ते निघालं नाही.

काकू दारात उभ्या होत्या. "कशी आहेत हो?"

"खूप आहेत," शिल्पकार म्हणाला.

"मग काय! मला पाय ठेवायला जागा नाही घरात."

काका साड्यांच्या घड्या घालत होते.

परतताना आडगाव मागे पडलं. मग शिल्पकार म्हणाला, "ह्याच्यापेक्षा बरी चित्रं आपण परत पाठवलीयेत."

"हो."

"तो जो तुझ्याशी बोलत नाही, त्याचीसुद्धा ह्याच्यापेक्षा बरी होती."

"आपण काकांच्या मागे लागलो. ते आले नव्हते आपल्याकडे."

"म्हणून नियम बदलायचा?"

"तू जाऊन सांग मग त्यांना."

बैठकीत हेच पुन्हा झालं. फोटोग्राफर म्हणाला, काकांनी जागेसाठी एवढं केलंय, लावू या. शिल्पकार म्हणाला, उपकार फेडायचे असतील तर त्यांना शाल द्या, भिंत देऊ नका, आणि अशा प्रदर्शनाला मी येणार नाही. आर्किटेक्टचं म्हणणं, आता नाही म्हणणं जास्त वाईट. काका त्या दिवशी मुद्दामच आले नव्हते की योगायोगाने, मला माहीत नाही. शेवटी प्रदर्शन करायचं ठरलं, कारण ते रद्द करायला कुणी पुढे येईना.

मांडणीच्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन गेले. काकांनी चित्रं जमिनीवर ठेवली होती आणि ते फेऱ्या मारत होते. पण नेहमीसारखं उचलून हलवत नव्हते. एका टोकाला गेले की तिथेच उभे राहत. शेवटी माझ्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

"ताई, तुम्ही लावा. मला काही सुचत नाही."

मी उठून थोडी चित्रं निवडली, बाकीची भिंतीकडे तोंड करून ठेवली. ते बघत होते.

"खरं सांगता का?" ते म्हणाले.

मी हातातलं चित्र भिंतीला टेकवलं. मग म्हटलं, "काका, हात नीटस आहे तुमचा. पण मला चित्रात गड दिसतो. तुम्ही कुठेच दिसत नाही."

"मला कुठे दिसायचं होतं त्यात?"

तेच पुढे म्हणाले, "तुम्ही म्हणताय ते मला समजतं. इथे इतक्या लोकांची चित्रं हातात घेतली. काही चित्रं भिंतीला लावली की बोलायला लागतात. माझी नाही बोलत. ठाऊक होतं मला. म्हणून तर आणत नव्हतो."

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही सगळे इतक्या प्रेमाने म्हणत होता. आणि एकदा बघायचं होतं, इथल्या उजेडात." त्यांनी हॉलभर नजर फिरवली. "बघितलं."

"रद्द करू या का?"

"छे! वणीहून लोक यायचेत. तुमच्या काकूने चिवडा केलाय."

त्यानंतर ते उठले आणि आम्ही दोघांनी मिळून चित्रं लावली. मी उलटी करून ठेवलेली त्यांनी तशीच राहू दिली.

उद्घाटनाला वणीकडची मंडळी जीप करून आली. बहिणी, मेव्हणे, भाऊबंद. त्यांच्या येण्याने हॉल भरला, एरवी आमच्याकडे एवढी माणसं कधी येत नाहीत. "लय भारी काढलाय गड," एक मेव्हणे म्हणाले, आणि त्यांनी प्रत्येक चित्रापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. दोन म्हाताऱ्या बहिणी चपला दाराबाहेर काढून आत आल्या. चित्रातल्या गडाला त्यांनी हात जोडले. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, "मला बाई सगळी सारखीच दिसतात, पण घर कसं मोकळं झालंय!" लोक हसले, काकाही हसले. शिल्पकार आला होता. येणार नाही म्हणालेला माणूस कोपऱ्यात उभा राहून चिवडा खात होता आणि कुणी विचारलं तर कडा कसा काढलाय ते समजावून सांगत होता. मग मंडळी जीपमध्ये बसून पंचवटीत दर्शनाला गेली. पुढच्या दिवसांत नेहमीएवढेच लोक आले. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत चार ओळी छापून आल्या, त्यांत काकांच्या गावाचं नाव चुकलं होतं.

प्रदर्शन उतरवलं तेव्हा काकांनी एकही चित्र घरी नेलं नाही. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं, ज्याने त्याने आपलं घेऊन जावं. काही चित्रं मागे राहिली. ती त्यांनी कुठे दिली ते मी विचारलं नाही. त्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की त्यांच्या नखांना रंग नसतो.

शिल्पकाराला हे फार लागलं. "आपण माणसाचं चित्र काढणं थांबवलं," असं तो म्हणाला. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. शाळेच्या कामासाठी ओझरच्या बाजूला गेले तेव्हा मी काकूंना भेटून आले. काका घरी नव्हते.

"काढत नाहीत आता," काकू म्हणाल्या. "सकाळी फिरायला जातात, मग पेपर, मग तुमच्याकडे. झोप मात्र चांगली लागते म्हणतात."

"उदास वाटतात का?"

"उदास? नाही हो. आधी चित्राशी बसले की चिडायचे. चहा गार व्हायचा, मी बोलावलं तर अंगावर यायचे. आता चहा पितात." मग त्या म्हणाल्या, "मला तो तेलाचा वास आठवतो कधी कधी."

मी काकांना स्वतःला एकदाच विचारलं. ते खिळ्यांची भोकं बुजवत होते, पुढचं प्रदर्शन यायचं होतं. "तुम्हाला वाटतं तसं काही नाही, ताई," ते म्हणाले. "मी ते एकटा करत होतो तेव्हा त्यात काहीतरी निघेल असं वाटायचं. ते बघून झालं. आता हातात वेळ आहे." आणि त्यांनी मला पुट्टीचा डबा पुढे करायला सांगितला.

मला ते पूर्ण पटलं आहे असं नाही. माझी चित्रं भिंतीवर बोलतात की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि मी काढते आहे. शिल्पकार आणि मी ह्यावर अजूनही अधूनमधून बोलतो. तो म्हणतो, आपण तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणते, नाही म्हटलं असतं तर ते काढत राहिले असते का, हेही आपल्याला माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी संध्याकाळी जागेवर गेले तर काका एका कॉलेजच्या मुलीबरोबर होते. तिची पहिलीच चित्रं लागायची होती. ती घाबरली होती आणि सगळीच लावा म्हणत होती. काकांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा सांगितला आणि चित्रं भिंतीपाशी ओळीने ठेवायला लागले.

"तुम्ही पण चित्रकार आहात का?" तिने विचारलं.

"काढायचो," ते म्हणाले. "तू हे पाण्याचं चित्र कधी काढलंस?"

ती सांगायला लागली. ते एका गुडघ्यावर बसून ऐकत होते.