बोट ठेवाल तिथे सही

शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्कना सगळे ‘बोटभाऊ’ म्हणत. संस्थेचे म्हातारे अध्यक्ष डोळ्यांनी अधू. भाऊ कागदावर बोट टेकवत आणि साहेब त्या बोटाशेजारी डोळे झाकून सही ठोकत. बावीस वर्षं हे असंच चाललं.

यंदा मात्र अध्यक्षांच्या मनमानीने कळस गाठला. उलट बोलल्या म्हणून त्यांनी दोन चांगल्या शिक्षिकांना घरी बसवलं. तेव्हा उपाध्यक्षांनी भाऊंना गाठलं.

“शाळेची अब्रू तुमच्या हातात आहे. साहेबांच्या राजीनाम्यावर तेवढं बोट ठेवा.”

अब्रूचं नाव काढलं की शहाणा माणूसही पाघळतो. भाऊंना पटलं. की त्यांनी पटवून घेतलं? देव जाणे.

सोमवारी रजेच्या अर्जांच्या गठ्ठ्यात भाऊंनी तो राजीनामा सरकवला. बोट जरा उशिराच टेकलं. साहेबांचं पेन थांबलं.

“इथेच ना रे?”

“हो, साहेब.”

सही झाली, आणि म्हाताऱ्याने भाऊंचा हात थोपटला. का थोपटला? त्याला कळलं होतं का? भाऊंनी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “मला काय विचारता? केलंत ना, आता निस्तरा.”

आठवड्याभरात उपाध्यक्ष त्या खुर्चीत बसले. भाऊंनी पहिलाच कागद पुढे केला तो शिक्षिकांना परत घेण्याचा, आणि सवयीने बोट टेकवलं. नव्या साहेबांनी कागद खसकन ओढला, वाचला आणि सही न करताच ड्रॉवरमध्ये सारला.

“आणि यापुढे बोट लांब ठेवायचं,” ते म्हणाले. “तुमचं बोट काय करतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?”