सात दिवसांचा नेरुरकर

नेरुरकरला मी ऑफिसात अहो-जाहो करते. इथे करणार नाही.

अंधेरीच्या एमआयडीसीत आमचं ऑनलाइन परीक्षा केंद्र आहे. दोनशे चाळीस खुर्च्या, तेवढेच कॉम्प्युटर. मी एथेल डिमेलो, राहणार पोयसर गावठाण, कांदिवली. केंद्रावर तक्रारींच्या खिडकीत बसते. सीताराम नेरुरकर नेटवर्क सांभाळतो. राहायला मुलुंडला, वय चोपन्न, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात स्वतःचा चमचा, कारण कँटीनचा त्याला चालत नाही.

परीक्षा चालू असताना कुठल्या खुर्चीवरून किती वाजता काय सर्व्हरकडे निघालं आणि कुठे अडलं, याची नोंद आपोआप फाइलींत उतरते. त्या फाइली अवाढव्य असतात. सहा वर्षांपूर्वी भर परीक्षेत डिस्क भरली, सगळं ठप्प झालं, आणि केंद्रप्रमुखांनी नेरुरकरला परीक्षार्थींसमोर झापलं. ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात त्याने एक प्रोग्राम बसवला. सात दिवसांपेक्षा जुनी फाइल रोज संध्याकाळी पाच वाजता कायमची पुसली जाणार. तेव्हापासून डिस्क भरली नाही आणि याची मान जी ताठ झाली ती झालीच. कुणी नवीन माणूस कामाला लागला की त्याला नेऊन रिकामी जागा दाखवायचा, लोक मुलांचे फोटो दाखवतात तशी. "बघ, सत्तर टक्के मोकळी!"

घरीही हाच कारभार. त्याची बायको रश्मी एकदा केंद्रावर आली होती, तिनेच सांगितलं. सासूचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी चष्मा, काठी, कवळी, सगळं भंगारात. नणंद चष्मा मागायला आली तर हा म्हणाला, आधी सांगायचं ना. रश्मी हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

मागच्या फेब्रुवारीत एका रविवारी सरकारी भरतीची परीक्षा झाली. मंगळवारी घाटकोपरची चेतना शिरसाट माझ्या खिडकीत आली. एका लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांना लेबलं लावायचं काम करते. वेबसाइटवर आलेल्या तिच्या उत्तरपत्रिकेत शेवटची अडतीस उत्तरं कोरी होती.

"मॅडम, मी सगळी सोडवलीत हो. प्रत्येकाला हिरवी खूण आली होती."

वयात बसण्याचं हे तिचं शेवटचं वर्ष. अर्जात जन्मतारखेखाली तिने स्वतःच पेनाने रेघ मारली होती. मी तिला नेरुरकरकडे नेलं. तो अर्ज अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला आणि म्हणाला, "वांद्र्याच्या मुख्य कार्यालयाचा लेखी आदेश आणा, मग फाइल उघडतो."

ती बुधवारी वांद्र्याला गेली. गुरुवारीही गेली. तिथल्यांनी अर्ज घेतला आणि पंधरा दिवसांत बघू म्हणाले. शुक्रवारी ती परत आमच्याकडे. रविवारी पाचला फाइल पुसली जाणार, हे मी तिला सांगितलं होतं.

"सर, दाखवू नका. नुसती ठेवा. पुसू नका एवढंच."

"आदेश नाही."

ती गेल्यावर मी भडकले. "नेरुरकर, एक फाइल ठेवली तर तुमचं काय जातंय?"

"काही नाही जात," तो म्हणाला. "पण एकीची ठेवली की उद्या शंभर जण दारात. मग डिस्क भरली की झापून घ्यायला मी."

खरंच त्याचं काहीच जाणार नव्हतं. वायरिंग ठेकेदाराचं, दुरुस्ती ठेकेदाराची, बिघाड निघाला तरी ठपका याच्यावर नव्हता. स्वतःला वाचवायला केलं असतं तर मला निदान समजलं तरी असतं.

शनिवारी मीच उद्योग केला. हजेरीचा अहवाल काढायला मला त्या फोल्डरचा पासवर्ड दिलेला आहे. पेनड्राइव्ह आमच्याकडे चालत नाही, तो लावायच्या जागा सील केलेल्या असतात. म्हणून मी त्याच फोल्डरमध्ये नवा फोल्डर केला, त्याला नाव दिलं 'चेतना शिरसाट, पुसू नका', आणि तिच्या खुर्चीची फाइल त्यात कॉपी केली. नेरुरकर मागच्या टेबलावर चमच्याने पोहे खात होता. मी घरी गेले ती खुशीत. रविवारी चर्चमध्ये मिस्साला बसूनही तेच डोक्यात, म्हटलं बाई, एक काम तरी धड केलंस.

सोमवारी सकाळी वांद्र्याहून आदेश आला. पंधरा दिवस म्हणाले होते, पण मनात आणलं तर सगळं होतं. आदेशात लिहिलं होतं: परीक्षेच्या दिवसाच्या नोंदी तपासून आजच कळवा. मी धावत जाऊन फोल्डर उघडला. माझा फोल्डर होता, त्यावरचं नाव होतं, आत काही नव्हतं.

"कॉपीला जुनीच तारीख राहते," नेरुरकर मागून म्हणाला. "प्रोग्राम तारीख बघतो, नाव वाचत नाही. आतल्या फोल्डरांतही जातो."

"तुम्ही बघत होता?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

मग चहा ओतता ओतता तो सहज म्हणाला, "तिचं खरं होतं पण. तिची तिसरी रांग शेवटची बारा मिनिटं सर्व्हरपासून तुटली होती. मी मंगळवारीच बघितलं."

या माणसाच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. वाजवली नाही. मी उत्तर टाइप केलं, कारण ते टाइप करणं माझं काम आहे. 'उपलब्ध नोंदींत कोणताही बिघाड आढळला नाही.' त्यावर शिक्का मीच मारला. बोलले असते तर पुरावा काय देणार होते? आणि नोकरी गेली असती. ही कारणं मी स्वतःला अजून देते, पण पटत नाहीत.

दुपारी चेतना आली, लॅबमधून अर्धा दिवस रजा टाकून. पत्र तिने दोनदा वाचलं. नेरुरकर खिडकीशीच उभा होता.

"म्हणजे माझंच चुकलं ना, सर? मीच बटण नीट दाबलं नसेल?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"तसंच दिसतंय," तो म्हणाला.

मी पोचपावतीचा टॅबलेट पुढे सरकवला. तिने पडद्यावर बोटाने सही केली. सही करताना बोट नीट टेकलंय की नाही हे बघत होती.

"सॉरी सर. तुम्हाला उगाच त्रास दिला."

"असू दे," नेरुरकर म्हणाला. "पुढच्या वेळी बघून दाबा."