अवतरणाबाहेरचं प्रश्नचिन्ह

रॉकेलचा वास आला की मला नाशिकचा तो छापखाना आठवतो, कारण तिथे शाईने माखलेले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, रॉकेलने धूत असत. १९३४-३५ची गोष्ट. मी नुकताच मॅट्रिक होऊन मुद्रितं तपासायला लागलो होतो आणि मला माझ्या इंग्रजीचा भारी तोरा होता. खिळे जुळवणारे आमचे एक वयस्कर जुळारी होते; त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, तरी नुसत्या आकारांवरून ते अख्खं पान जुळवत. त्या दुपारी मनमाडहून त्यांची आई अत्यवस्थ असल्याची तार आली. चारची गाडी धरायला त्यांनी पिशवी खांद्याला लावली, तेवढ्यात त्यांनी जुळवलेल्या शाळेच्या इंग्रजी पुस्तकात मला एक प्रश्नचिन्ह अवतरणाच्या बाहेर दिसलं. ज्याने जुळवलं त्यानेच दुरुस्त करायचं, असा तिथला रिवाज. "मास्तर, राहू द्या की. कोण बघतंय?" ते म्हणाले. "प्रश्न त्या बोलणाऱ्या बाईचा आहे, तो तिच्या अवतरणातच हवा," मी ऐकवलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पानाचे खिळे आवळून धरणारा फर्मा सैल केला, चिमट्याने ते खिळे अदलून-बदलून बसवले आणि फर्मा पुन्हा आवळला. गाडी चुकली. आठवड्याने ते परतले तेव्हा भेट झाली का, असं मी विचारलं. "नाही. शेवटपर्यंत आल्यागेल्याला विचारत होती म्हणे, माझा मुलगा आला का," एवढं बोलून ते कामाला लागले. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. मी ते पान उघडत नाही; प्रश्नचिन्ह अगदी बरोबर जागी आहे, हे मला ठाऊक आहे.