संगीत : पारंपरिक

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. त्यातलं बरंचसं आता विसरलो. पण एका संगीत नाटकाच्या परवानगीपायी धावपळीत गेलेला एक शनिवार अजून जसाच्या तसा आठवतो.

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. बेंगळुरूत शिवाजीनगरच्या बाजूला एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी उरकून समन्स वाटत होतो, तेवढ्यात फोन आला. "सर, तुमच्या हद्दीत आज संध्याकाळी चोरीचं नाटक होणार आहे," असं कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं. नाव विचारताच त्याने फोन ठेवला. चोरीची गाडी ऐकली होती, चोरीचं सोनं ऐकलं होतं. चोरीचं नाटक प्रथमच ऐकत होतो. सगळा स्टाफ हसला, मीही हसलो.

थोड्याच वेळात हसू मावळलं. पन्नाशीचा एक गृहस्थ लेखी तक्रार घेऊन आला. आवाज फोनवरचाच होता. मी ओळखला, पण तसं दाखवलं नाही. तक्रार त्याच्या मामींच्या सहीची होती. नाटककार मामा वारलेले, हक्क वारसाने मामींकडे आलेले. एक मराठी मंडळ त्यांच्या परवानगीशिवाय तिकीट लावून प्रयोग करत आहे, तो थांबवावा आणि दिग्दर्शिकेवर गुन्हा नोंदवावा, अशी मागणी होती.

कॉपीराइटचा गुन्हा दखलपात्र आहे, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. मी वरिष्ठांना फोन केला. "संध्याकाळपर्यंत प्राथमिक चौकशी करा," ते म्हणाले. "परवानगी नसेल तर एफआयआर घ्या आणि प्रयोग बंद करा."

दिग्दर्शिकेला हॉलवरून बोलावून घेतलं. ती मूळची पुण्याची, महादेवपुऱ्यात आयटी कंपनीत नोकरीला. सेट लावता लावता आली होती, ओढणीला रंग लागला होता.

"सर, परमिशन घेतलीय आम्ही. मी स्वतः लेखकांच्या मिसेसकडे, आजींच्या घरी गेले होते."

"लेखी आहे?"

"लेखी नाही. पण त्यांनी माझी ओटी भरली, सर. खण, नारळ, सगळं. इतक्या प्रेमाने!"

"आणि तोंडाने काय म्हणाल्या?"

ती घुटमळली. "'बघू' म्हणाल्या."

मी कपाळाला हात लावला. माझं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या या गावातलं. आमच्याकडच्या जुन्या घरांत दारी आलेल्या बाईला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत आणि ओटी भरल्याशिवाय पाठवतही नाहीत. माझ्या आईने कोर्टात भांडणाऱ्या जावेचीसुद्धा ओटी भरली होती. या मुलीने मात्र मंडळाच्या ग्रुपवर 'आजींचा आशीर्वाद मिळाला' असं टाकलं आणि तालमी सुरू केल्या.

"आम्ही हौशी मंडळ आहोत, सर," ती म्हणाली.

"तिकीट लावलंत ना? मग कायद्यापुढे हौस संपली."

तिचा आवाज एकदम बसला. "एफआयआरमध्ये नाव आलं तर माझा जॉब जाईल, सर. आमच्याकडे बॅकग्राउंड चेक होतो. आई-बाबा माझ्याकडेच असतात, दुसरं कुणी कमावणारं नाही."

असं रडगाणं ठाण्यात रोज ऐकू येतं आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. हिचं मात्र खरं होतं. मला तिची काळजी वाटायला लागली, आणि तपास करणाऱ्याला हे बरं नसतं.

माझा संशय तक्रार घेऊन आलेल्या त्या भाच्यावर होता. आधी निनावी फोन, मग हातात कागद. म्हातारीच्या नावाने स्वतः सही ठोकणारे भाचे-पुतणे मी ढिगाने पाहिले आहेत. वृद्ध बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला कॉन्स्टेबल आणि भाचा यांना घेऊन मी यशवंतपूरला मामींच्या घरी निघालो. दिग्दर्शिकेच्या मोबाइलमधलं तालमीचं रेकॉर्डिंग बरोबर घेतलं, तिला ठाण्यातच बसवून ठेवलं. घाऊक बाजाराजवळ कांद्याच्या लॉऱ्यांत जीप अडकली. हॉलवर लोक जमू लागायच्या आत मला उत्तर हवं होतं, आणि गाडी तसूभर हलत नव्हती.

मामींना सगळे अक्का म्हणत. ऐंशीच्या पुढच्या, ताठ बसलेल्या. मी तक्रार पुढे धरली.

"सही माझीच," त्या म्हणाल्या. "ह्याला मीच पाठवले. स्वल्प बस, अण्णा, कॉफी घे."

माझा संशय तिथेच आडवा झाला. आता एफआयआर अटळ दिसत होता. "अक्का, त्या पोरीची ओटी भरलीत ना तुम्ही? मग ही तक्रार कशाला?"

"ओटी घरी आलेल्या पोरीची भरली. नाटकाची नाही भरली. मी हो म्हणाले काय?"

जबाबात ओळख नोंदवायची म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं. "हे तुमच्या यजमानांचंच नाटक ना, एवढं सांगा."

पहिलं पद सुरू झालं. अक्कांनी डोळे मिटले, हात मांडीवर ताल धरू लागला. कडव्याच्या मध्येच तो थांबला.

"चुकलं. तिथं थांबायचं नाही, तिथनं खाली उतरायचं." आणि त्यांनी ती ओळ म्हणून दाखवली. आवाज चिरकलेला होता, पण उतार असा सुरेख घेतला की महिला कॉन्स्टेबलचं लिहिणं थांबलं.

"तुम्हाला इतकं बारीक कसं ठाऊक?"

"मीच बांधली की ती चाल. सगळ्या माझ्या. हे लिहायचे, मी भाकऱ्या थापत चाल लावायचे. मामंजी म्हणायचे, घरच्या बाईचं नाव तिकिटाच्या नाटकाला नको. सरी, ठीक आहे म्हटलं, सोडून दिलं." त्यांनी भाच्याच्या मोबाइलवरची जाहिरात माझ्यासमोर धरली. लेखक म्हणून यजमानांचं नाव होतं. खाली छापलं होतं, 'संगीत : पारंपरिक'.

"पारंपरिक म्हणजे काय रे अण्णा? कोणाचंच नव्हे, असंच ना?"

"मग त्या मुलीला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ती यांचे शब्द मागायला आली. चालींचं कोण विचारलं? मी बघू म्हणाले. म्हटलं परत येईल, विचारेल. आली नाही."

मला लाज वाटली. नाटकाचे हक्क म्हणजे संहितेचे हक्क, असं मीही सकाळपासून धरून चाललो होतो. भाच्यालाही हे माहीत नव्हतं, तो मान खाली घालून बसला होता. मी ठाण्यात फोन केला आणि दिग्दर्शिकेला दुसऱ्या जीपने पाठवा म्हटलं. पोलिसाने तडजोड घडवू नये. पण चौकशीत दोघींना समोरासमोर आणायला कुणाची हरकत नसते.

ती येईपर्यंतचा वेळ फार वाईट गेला. वरिष्ठांचा फोन दोनदा वाजला, दोनदा मी "जबाब चालू आहे" म्हटलं. ती आली ती अटक होणार अशाच समजुतीने.

"ह्या पदांच्या चाली कुणाच्या, ते आजींना विचार," एवढंच मी म्हणालो.

तिने विचारलं. अक्कांनी सांगितलं. मुलगी अक्कांसमोर जमिनीवर बसली. "आजी, ज्यांच्याकडून आम्ही पदं शिकलो ते म्हणाले, जुन्या आहेत, पारंपरिक लिहा. मी पुढे विचारलंच नाही. चुकलं माझं." मग हळूच म्हणाली, "तुमच्या चाली आम्ही म्हणू का?"

अक्कांनी हो म्हटलं नाही. "ते पद आधी नीट म्हण."

प्रयोगाची वेळ अंगावर आलेली, आणि इथे शिकवणी सुरू झाली! अक्का अडवत होत्या, ती पुन्हा म्हणत होती. मी अंगणात येरझारा घालत होतो. खिशातला फोन पुन्हा वाजत होता. शेवटी आतून आवाज आला, "सरी."

अक्कांनी शब्दांची परवानगी वेगळी आणि चालींची वेगळी लिहून दिली, तक्रार मागे घेतली. अट एकच घातली. पडदा उघडण्याआधी नाव सांगायचं.

प्रयोग उशिरा सुरू झाला. गुडघ्यांमुळे अक्कांना येता आलं नाही, म्हणून मी विंगेत गणवेशात उभा राहून फोन उंच धरला. दिग्दर्शिकेने लेखकाचं नाव सांगितलं आणि मग 'संगीत' म्हणून अक्कांचं पूर्ण नाव घेतलं. टाळ्या झाल्या. मी फोन कानाला लावला. पलीकडून अक्का म्हणाल्या, "ऐकले. ठेव आता." मी पोलीस माणूस, चारचौघांत डोळे पुसत नाही. त्या दिवशी पुसले.

साक्षीदार खोटं बोलतो, हे नोकरीने मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. ज्याला कुणी काही विचारतच नाही असाही एक साक्षीदार असतो, हे शिकायला निवृत्ती जवळ यावी लागली. उरलेले महिने प्रत्येक तपासात मी आधी तो माणूस शोधला.

या आठवणींत मी कुणाचंच नाव लिहीत नाही. या एका ठिकाणी मात्र ते मनाला पटेना. म्हणून बायकोला घेऊन परवा यशवंतपूरला गेलो आणि अक्कांना विचारलं, "ही केस लिहू का? तुमचं नाव घालू का?"

"केस लिही," त्या म्हणाल्या. "नावाचं बघू."

निघताना त्यांनी माझ्या बायकोची ओटी भरली. म्हणून इथे नाव नाही. दिवाळी झाली की मी परत जाणार आहे, विचारायला.