कुंकवाच्या रंगाचे बियाणे

मुखेडजवळच्या आमच्या रानात गव्हाची मुळे काळी पडून कुजू लागली, तेव्हा मी संस्कृतच्या अध्यापनातून नुकताच निवृत्त झालो होतो. कृषी खात्यातील एका सज्जनांनी मला हिरव्या मित्रबुरशीची पुडी दिली. ती शेणखतात वाढवून मातीत मिसळली की रोगाच्या बुरशीला जागा उरत नाही, असे त्यांनी समजावले. तेव्हापासून दर दिवाळीआधी खताचा ढीग मी ओल्या पोत्याखाली जपू लागलो. संध्या आटोपून त्यावर पाणी शिंपडायचे, हाताने खालवर करायचे. हिरवी झाक दिसली की हात आपोआप जोडले जात. रान सावरले. त्या गव्हाची खीर देवीच्या नैवेद्याला जाऊ लागली.

शेत पुतण्या पाहतो. पेरणीपूर्वी बियाण्याला कुंकू चोळायचे, ही आमच्या घरची रीत. अलीकडे ते तोच घरून करून आणी. मी बियाण्याच्या पाटीवर अक्षता वाहून नमस्कार करी.

गेल्या माघात मुळे पुन्हा कुजली आणि ओंब्या दाणा न भरताच पांढऱ्या पडल्या. माझ्याच सेवेत उणे राहिले असेल, म्हणून मी सोमवार धरले. मग एके दुपारी गोठ्याच्या कोनाड्यात बुरशीनाशकाची पाकिटे हाती लागली. बोटांना तांबूस भुकटी चिकटली. तो रंग मी ओळखला.

"किती वर्षं?" मी पुतण्याला विचारले.

"तीन सालं झाली, काका. दुकानदार म्हणला, लावून टाक. तुमचं खत बी टाकलंच की म्या. दोन्ही असलेलं बरं न्हाई का?"

"आणि कुंकू?"

"औषधालाच कुंकू म्हणलं. खरं सांगितलं तर तुमी नको म्हणले असते. लई जीव हाय तुमचा त्या बुरशीवर."

पाकिटाशेजारी सांडलेले चार तांबूस दाणे मी राखलेल्या खतावर, एका परातीत ठेवले. आठवड्याने परात हिरवी झाली. प्रत्येक दाण्याभोवती मात्र उघडे, काळे कडे उरले होते. औषधाचा जोर थोड्या दिवसांचा. जुन्या धसकटांत दडलेला रोग तेवढे दिवस थांबला, आणि मुळांपाशी त्याला अडवणारी मित्रबुरशी औषधाने राहिली नव्हती. त्या औषधावर तीन वर्षे मी अक्षता वाहिल्या होत्या.

यंदा बियाणे मीच निवडले. पुतण्याने कुंकवाची डबी पुढे केली.

"काका, आज खरंच कुंकू हाय. बघा की."

"राहू दे," मी म्हणालो. "मला दाणा दिसू दे."

आमचे बियाणे प्रथमच कोऱ्या कपाळाने रानात गेले.