एक तरी वेत

आमच्या कुत्रीला पहिला माज आला तो फाल्गुनात. दहा महिन्यांची होती. तीन आठवडे तळवड्यातल्या आमच्या फाटकाबाहेर गल्लीतले सगळे कुत्रे ठाण मांडून होते. मी नवऱ्याच्या जुन्या चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडून ती तिला घातली, तिला जिन्याखाली बांधलं आणि चाकणला जाणारी कंपनीची बस गाठली. संध्याकाळी आले तर चड्डीच्या चिंध्या झालेल्या आणि कुत्री गाढ झोपलेली.

जनावरांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आत्ता माजावर आहे, आत्ता नको. रक्त जास्त जातं. दोन-तीन महिने थांबा, पण पुढचा माज यायच्या आत ऑपरेशन उरका." पुढचा माज म्हणजे भाद्रपद. मी कॅलेंडरवर आषाढातल्या एका शनिवारी खूण केली. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

सासूबाईंच्या दृष्टीने तो तिथेच सुरू झाला. जेवताना म्हणाल्या, "एक तरी वेत होऊ दे तिचं. मग काय कापायचं ते काप."

वेत हा गोठ्यातला शब्द. सासूबाई म्हैस पहिल्या वेताची की तिसऱ्या, हे लांबून बघून सांगायच्या. गोठा जाऊन वीस वर्षं झाली होती, शब्द राहिला होता. आणि ही कुत्रीही तशीच मागे राहिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा मळ्यात विहिरीपाशी एक पिवळी कुत्री होती, उजवा कान दुमडलेला. मी नवी, म्हणून पहिले आठ दिवस तिने मला विहिरीकडे फिरकू दिलं नाही. सासूबाई लांबून हसायच्या, "तिला वळख तरी होऊ दे तुजी." तिची लेक, लेकीची लेक, सगळ्यांचा उजवा कान दुमडलेला. मळा विकला, तिथे पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारी कारखान्याची शेड उभी राहिली, तरी तिथल्या वॉचमनकडे त्याच वंशातली एक होती. ती ट्रकखाली गेली, तेव्हा तिचं एकच पिल्लू सासूबाई पदरात घालून घरी घेऊन आल्या. हिचं ऑपरेशन म्हणजे तो कान संपला.

मला ते कळत होतं. मलाही मळ्याची आठवण येते. कांद्याच्या चाळीचा वास, पाटाच्या पाण्यात पाय सोडून खाल्लेली भाकरी. पण पिल्लं पाच झाली तर ठेवायची कुठे? मी म्हटलं, "आई, भांडत नाही. तुम्ही आधी पाच घरं शोधा. त्यातली तीन मादी नेणारी. मग वेत होऊ दे."

"पाच? धा शोधते."

चार रविवार मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून फिरवलं. ते रविवार आज आठवले की बरं वाटतं. सासूबाई आता नाहीत. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून त्या दोन्ही बाजूंचं मला सांगत यायच्या, इथं आमची जोंधळ्याची पट्टी हुती, तितं चिंच हुती. मला दिसायची मंगल कार्यालयं आणि गाळे.

चिखलीत त्यांच्या भावाचा नवा बंगला. भाऊ म्हणाला, "आक्का, ब्रीड कोन्तं? पेपर हायेत का?"

"पेपर? शाळंत घालतोस का तिला?"

"तसं न्हाई गं. आमच्याकडं ही हाय आता." ही म्हणजे सोफ्यावर बसलेली पांढऱ्या लोकरीची एक कुत्री. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. "ही चोर आला तर काय करंल?"

"चोराला? चाटंल!" भाऊच हसत सुटला. 

मोशीतली त्यांची जाऊ आता सातव्या मजल्यावर. तिने चहा केला, बाल्कनी दाखवली आणि विचारलं, "आता राखायचं काय हाय आपल्याला, सांगा बरं?" आणखी दोन घरी "बघू" म्हणाले. आमच्याकडे बघू म्हणजे नाही.

शेवटचा रविवार चाकणच्या पुढे, त्यांच्या भाचीकडे. तिथे अजून शेत होतं, चार गाई होत्या, आणि दावणीपाशी राखणीला कुत्रा हवाच होता. सासूबाई खुलल्या. वैरणीला हात लावून बघितला, गाईंची वेतं विचारली. मग विषय काढला.

"नर असंल तर दोन दे, मावशी," भाची म्हणाली. "मादी नगं."

"का गं? राखणीला मादीच चांगली."

"व्हय, पन दर वर्साला पिल्लं. दर वर्साला कोन पोत्यात घालून सोडून येनार? मागल्या टायमाला मी गेल्ते. जेवन गेलं न्हाई दोन दिस."

परतीच्या वाटेवर पट्टी नाही, चिंच नाही, काहीच नाही. मोशीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "आई, आपल्या मळ्यात एका वेताला किती पिल्लं व्हायची?"

"पाच. सा."

"आणि ठेवायचो किती?"

"एक." 

सिग्नल सुटला. मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. पुढे गेल्यावर त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाकीची तुजा सासरा न्यायचा. कुटं, ते मी कदी इचारलं न्हाई."

मीही कधी विचारलं नव्हतं. सात वर्षं मळ्यात जात होते. दर वेळी पाचाचं एक झालेलं दिसायचं, आणि मी त्या एकाला भाकरी घालायचे.

घरी आल्यावर त्या कॅलेंडरसमोर उभ्या राहिल्या. "त्यो शनिवार धर," म्हणाल्या. "भादवा नगं लागायला."

शनिवारी मी अर्धी रजा टाकली. रिक्षात कुत्री सासूबाईंच्या मांडीवर. रात्रीपासून उपाशी ठेवलेली, त्यामुळे आमच्यावर रुसलेली. दवाखान्यात एक फॉर्म होता, खाली मालकाची सही. मी पेन काढलं.

"आन इकडं," सासूबाई म्हणाल्या.

चष्मा लावून त्यांनी तो फॉर्म वाचता येईल तेवढा वाचला. मग एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं, आणि पेन माझ्या हातात देत म्हणाल्या, "माजं पोरं बंद करायचं ऑपरेशन झालं, तवा तुज्या सासऱ्यानं केली हुती सही. मला कुनी कागुद दावला बी न्हाई."

डॉक्टरांचा माणूस कुत्रीला आत घेऊन गेला आणि आम्ही दोघी बाकड्यावर बसून राहिलो.